अण्णांची दुपारची झोप

अण्णा झोपले की आमचा कारखाना बोलायला लागायचा.

जेवणाची सुट्टी व्हायची, भट्टीचा आवाज खाली यायचा आणि आमचे मालक, अण्णा, आवारातल्या करंजाखाली टाकलेल्या खाटेवर आडवे व्हायचे. खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घ्यायचे आणि मोठ्यानं जाहीर करायचे, "मी झोपलो रं!" एवढं म्हटलं की ते झोपले असं सगळ्यांनी धरून चालायचं. मग हात धुऊन, डबा बांधून एकेकजण तिकडं वळायचा. खाटेच्या उशाशी पंपाचं एक फसलेलं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचा ओतीव भाग, उपडं घातलेलं होतं, त्यावर बसायचा. झाडाकडं बघायचा आणि मनात असेल ते झाडाला सांगायचा.

"भट्टीपाशी प्यायचं पाणी हाय, त्याला वास मारतोय. टाकीत काय पडलंय कुणास ठाऊक."

टॉवेल श्वासाबरोबर वरखाली होत राहायचा. उत्तर यायचं नाही आणि कुणी त्याची वाटही बघायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेटातून आत शिरावं, तर टाकी रिकामी करून आडवी पाडलेली आणि आतून घासल्याचा खसखस आवाज येत असलेला. कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, याचा एका शब्दानं उल्लेख नाही.

अण्णा खरोखर झोपायचे का नाही, हा आमच्या फौंड्रीतला सगळ्यात जुना वाद होता. ते घोरायचे, यात शंका नाही. पण त्या घोरण्याला एक शिस्त होती. कुणी कामाचं बोलायला लागलं की ते मंद व्हायचं आणि कुणी शेजाऱ्याची नुसतीच चुगली सुरू केली की असं वाढायचं, की बोलणाऱ्याला आपलं आपल्यालाच ऐकू येऊ नये. साचे भरणाऱ्यांचं म्हणणं, अण्णा डाराडूर झोपतात आणि सगळं झाडच ऐकतं. क्रेन चालवणारा मारुती म्हणायचा, "झोपत्यात की. पण एक कान जागा ठेवत्यात. आमची म्हस तसंच करती." ही तुलना अण्णांच्या कानावर गेली होती. कारण ती त्यानं त्या कास्टिंगवर बसूनच केली होती.

मी तिथं लॅबमध्ये होते. साच्याच्या वाळूत ओलावा किती आहे, लोखंडात काय काय मिसळलंय, हे तपासायचं काम. गारगोटीहून आलेली, पहिलीच नोकरी, शहरातल्या मावशीकडं राहून रोज बसनं औद्योगिक वसाहतीत जायचे. आता आठवायला बसले की त्या सगळ्या दुपारी एकमेकींत मिसळून जातात. पत्र्याच्या शेडवरून ऊन वितळल्यासारखं खाली येतंय, करंजाची पांढरी-जांभळी फुलं टॉवेलवर पडतायत आणि कुणी ती झटकत नाहीये. हिवाळा असेल तर लांबच्या गुऱ्हाळाचा गोडसर धूर वाळूच्या वासात येऊन मिसळतोय. आणि कुणीतरी एक माणूस, पाठमोरा, झाडाशी हळू आवाजात बोलतोय. हे मी खरंच बघितलं का, असा प्रश्न मला कधी कधी पडतो. मग पायावर भट्टीच्या ठिणगीचा जुना डाग आहे तो बघते आणि खात्री पटते.

अण्णा मूळचे हुपरीकडचे. घर शेतकरी, जैन. भाऊबंदांपैकी बरेचजण चांदीच्या कामात गेले. अण्णांना तो बारीक ठोका कधी मानवला नाही. "पैंजणात काय आवाज हाय? लोखंड वतताना आवाज ऐक, छाती भरून येती," असं ते म्हणायचे. अंगापिंडानं थोराड, मिशा पांढऱ्या, डोळे मात्र सदा अर्धवट मिटलेले. जागे असतानाही झोपेतून उठल्यासारखे दिसायचे. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यामुळं दुसऱ्या पाळीतल्या लोकांनी त्यांना कधी जेवताना बघितलंच नव्हतं. त्यांच्यात अशी समजूत होती की अण्णा फक्त चहावर जगतात. गरम कास्टिंग साच्यातून बाहेर आलं की ते त्याच्याजवळ उकिडवे बसायचे आणि "आलास व्हय?" म्हणून विचारायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून.

आमचा मुलूख काही गप्प बसणाऱ्यांचा नव्हे. इथं माणूस कानात सांगतो तेही रस्त्यापलीकडं ऐकू जातं. भाजीवाली ओरडते, रिक्षावाला ओरडतो, आणि दोघं भांडतायत असं वाटून आपण जवळ जावं तर एकमेकांच्या पोरांची चौकशी करत असतात. पण हीच माणसं कारखान्याच्या गेटातून आत आली की घशाला कुलूप. मालक समोर उभा राहून विचारतोय, "काय अडचण?" आणि रात्री चहाच्या टपरीवर मालकाचा उद्धार करणारा गडी खाली मान घालून सांगतोय, "काय न्हाय की अण्णा. बेस चाललंय."

अण्णांनी आधी रीतसर उपाय करून पाहिले होते. गेटाशी एक पेटी लावली, सूचना टाका म्हणून. महिनाभरानं उघडली तर आत एक एसटीचं तिकीट, विझवलेली अर्धी विडी आणि एक चिठ्ठी निघाली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'पेटी लै भारी केलीय.' मग पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावला. त्यानं सगळ्यांना गोल बसवलं, "इथं कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, मनमोकळं बोला," असं तास-दीड तास एकट्यानंच मनमोकळं बोलून तो निघून गेला. जाताना लोकांनी त्याला बळंच चहा पाजला आणि "पावणं, परत या," म्हणाले.

मग एका दुपारी अण्णा नुसतेच कंटाळून खाटेवर पडले होते, उन्हासाठी तोंडावर टॉवेल. जवळ दोघं भट्टीवाले येऊन विडी ओढत बसले. अण्णा झोपलेत अशा समजुतीनं बोलू लागले, की भट्टीचं अस्तर एका बाजूनं खाऊन गेलंय, आणखी चार दिवस ओढलं तर लोखंडाचा रस खालून बाहेर येईल. अण्णा हललेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी भट्टी बंद करून अस्तर नवं केलं. आणि त्या दिवसापासून ते रोज नेमानं झोपायला लागले.

"मी जागा असलो की माझी माणसं गप. मी झोपलो की ती बोलत्यात. मग झोपायला काय जातंय माझं?" मला हे त्यांनी एकदा फार खुशीत सांगितलं होतं. आपण काहीतरी मोठी युक्ती शोधून काढली आहे, असा आनंद चेहऱ्यावर होता. मला तेव्हा तो आनंद बघून बरं वाटलं होतं. आज मी ज्या कारखान्यात आहे तिथं मोबाइलवरून नाव न देता तक्रार करायची सोय आहे, भिंतीवर हसऱ्या माणसांचे फलक आहेत, आणि तरी माणसं जिन्यात कुजबुजतात. ती कुजबुज ऐकली की मला करंज आठवतो.

अण्णांची शिवी एकच होती आणि ती शिवी नव्हतीच. आमच्याकडं अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणतात, चांगल्या अर्थानं, आदरानं. पण अण्णा आपल्याच माणसाला 'पावणं' म्हणाले की त्याचा घास घशात अडकायचा. एकदा साचे भरणाऱ्या एकानं फुटका साचा तसाच पुढं ढकलला. दिसला होता त्याला, बोलला नाही. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"काय पावणं, कुठनं आलासा?"

"अण्णा, आवो मी..."

"न्हाय, पावणंच तुमी. पावण्याला जेवाय वाढलं आणि भाजीत मीठ कमी पडलं, तर पावणा गप खातोय. बेस झालीय म्हणतोय. घरचा असता तर ताट सारून म्हणाला असता, मीठ कमी हाय म्हणून. जावा, बसा सावलीत. चा सांगतो तुमास्नी."

आणि खरंच त्याला खुर्ची देऊन चहा दिला. तो माणूस चहाचा कप हातात धरून असा बसला होता की मला लॅबच्या खिडकीतून बघवेना.

मी त्या कास्टिंगवर पहिल्यांदा बसले ती अगदी कडेला, उठून पळता येईल अशी. घरी आम्हाला शिकवलं होतं, मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नाही. आणि जे सांगायचं होतं ते तर झोपलेल्या माणसापुढंही उघड बोलण्यासारखं नव्हतं. साच्याच्या आत वाळूचा गाभा बसवतात, ते गाभे करायला आमच्याकडं बायका होत्या. त्यांच्यासाठी कारखान्यात संडास नव्हता. शेजारच्या कारखान्यात, तिथल्या वॉचमनच्या नजरेखालनं जावं लागायचं. बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मी झाडाला सांगितलं. झाडाच्या बुंध्याकडं बघत, एका दमात. घोरणं मधेच थांबलं. पूर्ण थांबलं. मग बऱ्याच वेळानं परत सुरू झालं, पण सुरात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमागं पाया खणत होते. बायकांनी मला त्या दिवशी आपापल्या डब्यातलं एवढं खाऊ घातलं की मला संध्याकाळी जेवता आलं नाही.

माणसं धीट होत गेली. एका दुपारी तर आवाज आला, "सगळ्यास्नी बूट घाला म्हणून वरडतासा आणि सवता चपला घालून भट्टीपाशी हुबं ऱ्हातासा. हे काय बरं न्हाय." दुसऱ्या दिवशी अण्णा नवे जाडजूड बूट घालून आले. ते बूट चालताना करकर वाजायचे. अण्णा येतायत हे आता लांबूनच कळायचं, आणि सुपरवायझरला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

असं सगळं छान चाललं होतं. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की असा कारखाना दुसरा नाही.

त्या सकाळी ओतकाम सुरू होतं. भट्टीतला रस लॅडलमध्ये, म्हणजे क्रेनला टांगलेल्या मोठ्या बादलीत घेतात आणि क्रेन ती साच्यांवर आणून धरते. मारुती वर केबिनमध्ये होता. अण्णा खाली, नेहमीप्रमाणं पहिल्या साच्याजवळ. पहिलं ओतकाम समोर उभं राहून बघायचं, हा त्यांचा नेम. मी नमुना घ्यायला लांब दांड्याचा चमचा घेऊन थोडी मागं उभी होते. क्रेन थांबली. लॅडलही थांबायला हवी होती. ती थांबली, आणि मग आपल्याआपण हळूच खाली आली. फार नाही, वीतभर. पण कड साच्याच्या पेटीवर आपटली आणि लोखंडाचा रस उसळला.

मला आवाज आठवत नाही. सगळं पिवळं झालेलं आठवतं आणि अण्णा एका पायावर उभे असलेले. रस बुटावर सांडला होता, थोडा वरच्या कडेनं आत गेला होता. बूट नसते तर पाऊल राहिलं नसतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. लोकांनी त्यांना उचललं. ते ओरडले नाहीत, "लॅडल खाली घ्या आधी, लॅडल," एवढंच म्हणत राहिले.

दवाखान्याची गाडी गेल्यावर मी लॅबच्या मागं गेले तर मारुती तिथं भिंतीला टेकून खाली बसला होता. धिप्पाड गडी, गुडघ्यांत डोकं घालून रडत होता.

"मला सकाळीच कळलं हुतं," तो म्हणाला. "रिकामा हूक थांबवला तरी जरा खाली येत हुता. ब्रेक धरत न्हवता नीट."

"मग?"

"मग काय! अण्णा झोपल्यावर सांगणार हुतो की. दुपारी."

त्याला यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही दिसलं नाही. सांगायची जागा ठरलेली, वेळ ठरलेली. सकाळी अण्णा त्याच्या शिडीपासून चार पावलांवर, टक्क जागे, उभे होते. पण जाग्या अण्णांना सांगायचं असतं हे आम्ही सगळेच विसरून गेलो होतो. झोपलेल्या अण्णांनी आमची तेवढीही सवय मोडली होती.

चौकशी झाली तेव्हा मारुती गप्प. ब्रेक नादुरुस्त असल्याचं निघालं आणि सुपरवायझरनं ठरवून टाकलं, की मारुतीनं सकाळी क्रेन तपासलीच नाही. हलगर्जीपणा. काढून टाकायचं. मारुतीनं तेही कबूल केलं. "व्हय, न्हाय तपासली." मी त्याला गाठून विचारलं, असं खोटं का बोललास? तर म्हणाला, "तपासली न्हाय म्हटलं तर माझी चूक हुती. तपासली, कळलं, आणि दुपारची वाट बघत बसलो म्हटलं, तर अण्णांच्या झोपंची चूक हुती. त्यास्नी ते सोसायचं न्हाय. नोकरी गेली तर जाऊ दे, दुसरी बघतो." त्याची पोरं लहान होती. दुसरी नोकरी कुठं ठेवली होती त्याच्यासाठी?

मारुतीला काढायच्या कागदावर सही घ्यायला सुपरवायझर अण्णांच्या घरी निघाला, तेव्हा मीही लॅबचे अहवाल दाखवायच्या निमित्तानं गाडीत बसले. अण्णा ओसरीवर आरामखुर्चीत होते. पाय पट्ट्यांत बांधून पाटावर ठेवलेला. टॉवेल मांडीवर. बारीक झाले होते.

कागद पुढं झाला. अण्णांनी खिशातलं पेन काढलं. मी म्हणाले, "अण्णा, थांबा."

आवाज माझा होता, पण मला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे पूर्ण उघडे दिसले. तपकिरी होते, फार मोठे. या डोळ्यांसमोर बोलायचं होतं. मला झाड हवं होतं, ते कास्टिंग हवं होतं, तो टॉवेल त्यांच्या तोंडावर हवा होता.

"मारुतीनं क्रेन तपासली हुती. ब्रेक धरत न्हाय हे त्याला सकाळीच कळलं हुतं." भीतीनं माझं सगळं लॅबमधलं शुद्ध मराठी उडून गेलं होतं. "तो दुपारी सांगणार हुता. तुमी झोपल्यावर."

"दुपारी?"

"सगळं दुपारीच सांगतोय आमी, अण्णा. सकाळी तुमी समोर हुतासा, पण जागं हुतासा. तुमच्या टॉवेलमुळं झालं हे. मारुतीमुळं न्हाय."

सुपरवायझर माझ्याकडं असं बघत होता की मी आता घरी जाताना बसनं जाणार हे नक्की झालं. अण्णांनी मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. त्यांचा चेहरा बघून मला माझेच शब्द परत घ्यावेसे वाटले. एवढ्या हौसेनं उभं केलेलं सगळं मी त्यांच्यासमोर पाडलं होतं, आणि ते आजारी होते. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. पण परत तीच वेळ आली तर परत तेच बोलेन.

शेवटी ते म्हणाले, "हे तू मला जागेपणी सांगितलंस."

"व्हय."

"भ्या वाटलं?"

"लै."

त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि कागद सुपरवायझरच्या हातात परत दिला. मग आत बघून ओरडले, "अगं, पोरीला काय तरी खायला आण. पावणी न्हवं ती, घरचीच हाय." मला रडू आलं, तेव्हा ते दुसरीकडं बघत बसले.

अण्णा परत आले ते काठी घेऊन. आल्या आल्या खाट उचलून गोदामात टाकायला लावली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते स्वतःच त्या उपड्या कास्टिंगवर बसले, पाय लांब करून, डोळे उघडे ठेवून. "मी जागा हाय रं!" असं जाहीरही केलं.

कुणी आलं नाही.

रोज बसायचे. माणसं लांबून वळसा घालून जायची. कुणी गेलंच जवळ तर, "अण्णा, पाय कसा हाय?" एवढं विचारायचं आणि सटकायचं. अण्णा पुन्हा विचारायचे, "काय अडचण?" आणि तेच जुनं उत्तर, "काय न्हाय की अण्णा, बेस चाललंय." झोपेची सवय असलेला माणूस तो, दुपारच्या उन्हात डोळे जड व्हायचे, मान पुढं पडायची आणि ते दचकून सावरायचे. आपला डोळा लागला तर परत सगळं तसंच सुरू होईल, या धास्तीनं ते जागत होते. मारुती पुन्हा क्रेनवर गेला होता. ब्रेक नवा बसवला होता. पण तो कुणाशी बोलत नव्हता, जेवायलाही खाली येत नव्हता, वरच केबिनमध्ये डबा खायचा.

मग एका सकाळी ओतकाम चालू असताना, लॅडल भरून वर उचललेली, साच्यापासून थोड्या अंतरावर, आणि वरून आवाज आला.

"थांबवा! अण्णा, थांबवा! आवाज येतोय!"

मारुतीनं केबिनमधून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. तो सुपरवायझरला सांगत नव्हता, झाडाला सांगत नव्हता. सरळ अण्णांचं नाव घेऊन, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं, आपल्या मुलखाच्या अस्सल आवाजात ओरडत होता. अण्णांनी काठी वर केली. सगळं थांबलं. लॅडल बाजूला नेऊन वाळूवर टेकवली, माणसं मागं घेतली. वायरमन वर चढला. ब्रेक बघितला, दोर बघितला, हूक बघितला. वेळ जात होता आणि रस थंड होत होता. साच्यात ओतण्याजोगा राहिला नाही, तेव्हा तो खड्ड्यात ओतून टाकावा लागला. पूर्ण लॅडल वाया.

वायरमन बऱ्याच वेळानं खाली उतरला. त्याच्या हातात मारुतीचा जेवणाचा डबा होता. मारुतीच्या बायकोनं नवा स्टीलचा डबा घेतला होता. तो केबिनच्या खिळ्याला टांगलेला. क्रेन हलली की लोखंडी दांडीवर आपटून कट्ट कट्ट वाजत होता. बाकी क्रेन ठणठणीत होती.

इतर कुठल्याही दिवशी शेड हसून कोसळली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मारुती शिडीवरून खाली आला, तो एकेक पायरी मोजल्यासारखा. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. एकदा बोलला नाही म्हणून माणूस भाजला, आणि आता बोलला तर हे. सगळे अण्णांकडं बघत होते. आता ते काय म्हणतात यावर या शेडमधली माणसं पुन्हा कधी तोंड उघडणार की नाही हे ठरणार होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. 'काय पावणं' एवढे दोनच शब्द आले असते, तरी सगळं संपलं असतं.

अण्णा काठी टेकत मारुतीसमोर आले. वायरमनच्या हातातून डबा घेतला. हलवून बघितला. कट्ट वाजला.

"काय हाय यात?"

"भाकरी, अण्णा," मारुती पुटपुटला. "मेथी."

"चल."

ते बाहेर करंजाखाली गेले आणि खाली मातीतच बसले, भाजलेला पाय लांब करून. मारुतीला समोर बसवलं. डबा उघडला. भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली, अर्धी आपण घेतली. आम्ही सगळे शेडच्या दारात उभे. अण्णांनी एक घास खाल्ला, सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी हाय रं," ते म्हणाले.

मारुतीच्या तोंडातून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर आले. "घरी सांगतो की अण्णा," तो म्हणाला, "आज सांगतो."

"सांग. तोंडावर सांग." अण्णांनी दुसरा घास घेतला. "आवाज आला की आजच्यागत वरड. धा येळा डबा निघंना का."

डबा संपवून त्यांनी हात धुतले. भट्टीवाला एकजण पुढं झाला आणि भर उजेडात, अण्णांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, की अण्णा, पंखा आवाज करतोय, बघायला पायजे. त्याच्यामागं आणखी एकजण येऊन उभा राहिला होता. अण्णांनी दोघांचं ऐकलं. "बघूया," म्हणाले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून जमिनीवर अंथरला, त्यावर कुशीवर झाले आणि हाताची उशी केली. तोंडावर काही ओढून घेतलं नाही. 'मी झोपलो रं' म्हटलं नाही.

थोड्या वेळानं ते घोरायला लागले. तसलं घोरणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्याला ना लय, ना शिस्त, मधेच अडकायचं, मधेच शिट्टी वाजायची. करंजाची फुलं गालावर पडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. दारात उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. जुना वाद मिटला होता. इतकी वर्षं अण्णा एकही दुपार झोपले नव्हते.

मारुतीनं डबा उचलला आणि आवाज होऊ नये म्हणून झाकणावर हात दाबून धरत आत गेला.